देशहित आधी की सगळ्या माणसांचं हित आधी? खरं बोलणाऱ्या देशाला शिक्षा झाली त्यावरून

पाऊलवाट:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांना कोरोनाचा नवीन प्रकार सापडला, खूप म्युटेशन्स असलेला. २४ तारखेला त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं, २५ ला सगळं जाहीर केलं, २६ ला त्याचं ओमिक्रॉन असं बारसं झालं. आणि त्याच दोन दिवसांत ब्रिटन, युरोपियन युनियन, अमेरिका सगळ्यांनी तिकडून येणाऱ्यांना दारं लावून घेतली, तीही ऐन पर्यटनाच्या सीझनमध्ये. नंतर कळलं की नेदरलँड्समध्ये १९ नोव्हेंबरला घेतलेल्या सॅम्पलमध्येही तोच विषाणू होता. म्हणजे तो आधीच पोचला होता, फक्त दक्षिण आफ्रिकेने तो आधी बघितला आणि आधी सांगितला.
आता ज्याला आपण देशहित म्हणतो त्या हिशोबाने त्यांनी महिनाभर गप्प बसायला हवं होतं. ते बसले नाहीत. मला वाटतं त्यांनी बरोबर केलं आणि नुकसान होणार हे आधीच माहीत असतं तरीही तेच बरोबर ठरलं असतं. देशाचं भलं बघू नका असं मी म्हणत नाहीये, पण माझ्या देशाच्या चार महिन्यांच्या कमाईसाठी दुसरीकडची माणसं मेली तरी चालतील, हे मला देशप्रेमात बसवता येत नाही.

रोखठोक:
शास्त्रज्ञांबद्दल आदर आहेच. पण त्याची किंमत कोणी भरली ते बघा. हॉटेलात राबणारे, गाड्या चालवणारे, रोजावरचे लोक. त्यांना कोणी विचारलं होतं का? आणि ज्या मानवजातीसाठी हे केलं तिने भरपाई दिली का?
सरकार हे विश्वस्त असतं हो. दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्याने ती उदार मनाने वाटायची नसते. मी माझ्या खिशातून दान करीन, तो माझा प्रश्न, पण सरकारच्या हातात असतं ते लोकांचं. मानवजातीला ना संसद आहे, ना कोर्ट, ना तिला निवडणुकीत पाडता येतं. उद्या मला अन्याय झाला तर दाद मी माझ्याच देशात मागणार ना?
युक्रेनचं बघा. सोव्हिएत संघ फुटल्यावर जगातला तिसरा मोठा अण्वस्त्रसाठा त्यांच्या जमिनीवर होता. जग सुरक्षित व्हावं म्हणून तो सोडला, १९९४ मध्ये बुडापेस्टला अमेरिका, ब्रिटन आणि रशियाने सह्या करून हमी दिली. २०१४ मध्ये त्याच रशियाने क्रिमिया घेतला.

खडूफळा:
युक्रेनचं उदाहरण अर्धंच आहे. ती शस्त्रं त्यांच्या जमिनीवर होती पण डागायचे कोड मॉस्कोकडे होते, त्यामुळे हातातला हुकमी एक्का फेकून दिला असं काही झालं नाही. बाकी हमी मोडली गेली हे शंभर टक्के खरं आणि वाईट आहे.
पण उलटी उदाहरणं पण घ्या की. देवी रोग घ्या. जगातून देवी हटवायचा प्रस्ताव १९५८ मध्ये सोव्हिएत संघाने मांडला, ढीगभर लस दिली, आणि १९६७ पासूनच्या जोरदार मोहिमेचा प्रमुख होता एक अमेरिकन डॉक्टर, हेंडरसन. शीतयुद्ध चालू होतं राव! एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेले दोन देश. १९८० मध्ये रोग संपल्याचं जाहीर झालं. शत्रूच्या घरात देवी राहिली तर ती आपल्याकडेही परत येणार एवढं त्यांना कळलं होतं.

रोखठोक:
मग हे माझ्याच बाजूचं झालं! दोघांचा फायदा होता म्हणून जमलं. ओझोनचंही तेच, १९८७ चा मॉन्ट्रियल करार टिकला कारण ओझोन गेला तर त्वचेचा कॅन्सर श्रीमंतांनाही होणार होता, शिवाय गरीब देशांना वाढीव मुदत आणि फंड दिला. हित जुळतं तिथे वाद कुठेय? वाद डोस एकच असतो आणि हात दोन असतात तिथे आहे.

निळी_शाई:
या डोस वरूनच लिहिते. एप्रिल २०२१. बाबांचा दुसरा डोस राहिला होता, केंद्रावर रोज स्टॉक संपल्याची पाटी. त्याआधी जानेवारीपासून आपल्याकडची लस बाहेरच्या देशांत जात होती आणि मला इतका राग यायचा की काय सांगू. बाबा गेले. निर्यात थांबली तेव्हा मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.
नंतर कधीतरी वाचलं की कोव्हॅक्समधून, म्हणजे गरीब देशांनाही लस मिळावी म्हणून केलेल्या जागतिक योजनेतून, आफ्रिकेत जाणारे डोस त्याच निर्णयामुळे अडकले, तिथल्या नर्सेस आणि डॉक्टर लोकांचा दुसरा डोस लांबला. तिकडेही कुणाचे तरी बाबा असणार. तरी मी आजही सांगू शकत नाही की निर्यात चालू ठेवायला हवी होती. मला कोणी तेव्हा मानवजात समजावून सांगायला आलं असतं तर मी दार लावलं असतं.
पण एक आहे. माझा राग चुकीच्या पत्त्यावर गेला असं आता वाटतं. कॅनडासारख्या देशांनी स्वतःच्या लोकसंख्येच्या कित्येक पट डोसचे करार करून ठेवले होते. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने पेटंटचे नियम तात्पुरते सैल करा म्हणून मागणी केली, निर्णय जून २०२२ मध्ये आला आणि तोही पाणी घातलेला. डोस एकच होता म्हणता ना, तो एकच का होता हे पण विचारा.

पाऊलवाट:
निळी_शाई, यावर मी काय लिहू. वाईट वाटलं. तुमच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

तिसरी_बाजू:
इथे इंडोनेशियाचं कोणी काढलं नाही म्हणून सांगतो. बर्ड फ्लूच्या वेळी ते विषाणूचे नमुने आंतरराष्ट्रीय व्यवस्थेला फुकट देत होते, मग लक्षात आलं की त्याच नमुन्यावरून परदेशी कंपनी लस बनवणार आणि ती विकत घ्यायला यांच्याकडे पैसे नसणार. त्यांनी नमुने द्यायचेच बंद केले. जगभर ओरड, मानवतेचे शत्रू वगैरे. पण त्या हट्टामुळेच २०११ मध्ये फ्लूच्या नमुन्यांबद्दल नवीन चौकट आली, नमुने घेणाऱ्या कंपन्यांनी बदल्यात लस, औषधं किंवा पैसे द्यायचे अशी. म्हणजे एका देशाने स्वतःचं हित ताणून धरलं आणि फायदा सगळ्या गरीब देशांचा झाला. याला काय म्हणणार, स्वार्थ?

पाऊलवाट:
नाही, स्वार्थ नाही म्हणणार. पण मधल्या काळात बर्ड फ्लूची साथ माणसांत पसरली असती तर? ती पसरली नाही हे नशीब होतं, धोरण नव्हतं. तरी रोखठोक यांचा एक मुद्दा मला मान्य करायला लागतोय, की दक्षिण आफ्रिकेने खरं बोलायचं आणि बिल पण तिनेच भरायचं हे चालणार नाही, पुढच्या वेळी कोण बोलेल? म्हणून माझं म्हणणं असं की जो देश आधी सांगेल त्याचं बुडालेलं उत्पन्न बाकीच्यांनी भरून द्यायचं, आपोआप, कोणाच्या दयेवर नाही.

रोखठोक:
मे २०२५ मध्ये साथीचा करार मंजूर झाला ना जागतिक आरोग्य संघटनेत? त्यात नमुने द्यायचे आणि बदल्यात लस मिळायची हाच भाग पुढच्या वाटाघाटींवर ढकलला. आणि अमेरिका त्या संघटनेतूनच बाहेर पडायला निघाली होती. तुमची कल्पना मला पटते, खरंच पटते. पण माझ्या सरकारने आधी सांगावं आणि पैशाची वाट नंतर बघावी याला मी हो म्हणणार नाही. पैसे आधी फंडात जमा होऊ देत, मग पहिला फोन आम्ही करू.

खडूफळा:
आणि ते जमा व्हायच्या आधीच विषाणू आला तर?

रोखठोक:
तर फोन करावाच लागेल, माहितीये मला. पण मग त्या रोजावरच्या माणसांना सरकारने कोणत्या तोंडाने सांगायचं, तेवढं मला कोणीतरी सांगा.