पानशेतजवळ नासपती: कोणती जात, कितव्या वर्षी, किती फळ?

मुठाकाठचा: नमस्कार मंडळी. पानशेतच्या अलीकडे ११ गुंठे जागा आहे. आंबा-चिकू लावून झाले. गेल्या ऑगस्टमध्ये कुलूला गेलो आणि तिथल्या नासपतीनं डोकं फिरवलं. इथला एक नर्सरीवाला म्हणतो, "साहेब, पत्थरनाख लावा, झाडाला १५० किलो. पंजाब ब्युटी नको, ती ८०वर थांबते." माझं वय ५६. हिशेब बरोबर आहे का? आणि फळ मी खाणार की नातू?

निवृत्तमाळी: दोन्ही आकडे खरे आहेत, पण पंजाबातले, आणि भरात आलेल्या झाडाचे. कितव्या वर्षी, हे तुमच्या माणसानं सोयीस्कर गिळलं. पत्थरनाख निवांत स्वभावाचं झाड आहे. पहिली पाच-सहा वर्षं नुसतं अंगानं वाढतं, मग चार-दोन फळं दाखवतं, आणि खरा भर दहाव्या वर्षानंतर. एकदा लागलं की मात्र पुढची दोन-तीन दशकं देत राहतं. ब्युटीचं झाड मध्यम, फळ मऊसर. सातव्या वर्षी दोघांची तुलना केलीत तर एक निकाल, पंधराव्या वर्षी केलीत तर कदाचित वेगळाच.

वय झाल्यावर काय होतं तेही ऐका. नासपतीला फळ बोटभर आखूड, गाठाळ काड्यांवर येतं. त्याच काड्या वर्षानुवर्षं फळतात, मग थकतात. फळ बारीक होतं, लागही कमी होते. लोक म्हणतात झाड म्हातारं झालं. झाड नव्हे, काड्या म्हाताऱ्या झालेल्या असतात. हिवाळ्यात जुन्या फांद्या कापून नव्या काड्यांना जागा करून दिली की झाड पुन्हा उभारी धरतं.

कुंडीवाली: काका, पुण्यात हे सगळं होतं का पण? माझ्याकडे मुळशीत पत्थरनाखचं नऊ वर्षांचं एक झाड आहे. थंडी बरी पडली त्या वर्षी १४ फळं, गेल्या वर्षी शून्य. जानेवारी आला तरी पानं गळायला तयार नाहीत! आणि जी १४ आली ती इतकी रवाळ, की सासूबाईंनी सरळ मुरांबा केला. (मुरांबा झकास झाला, हे मान्य.)

निवृत्तमाळी: ताई, तुम्ही दुखरी नस पकडलीत. नासपतीला ७ अंशांखालच्या थंडीचे ठरावीक तास लागतात, तरच डोळे, म्हणजे काडीवरच्या कळ्या, एकदम फुटतात. पत्थरनाखला दीडशेच्या आसपास भागतं, म्हणून ती पंजाबच्या मैदानात चालते. बार्टलेटला आठशेच्या घरात हवेत, तिचं नावच काढू नका. आपल्याकडे पहाटेचे दोन-चार तास पारा उतरतो आणि दुपारी स्वेटर काढावा लागतो. तेव्हा ते १५० किलो इथल्या हिशेबात धरू नका.

उगाचच: नातवाची काळजी नको. अमेरिकेत डॅनव्हर्स गावी सतराव्या शतकात लावलेलं नासपतीचं झाड अजून फळतंय म्हणे. खापरपणतूही खाईल.

निवृत्तमाळी: तिकडे थंडी आहे हो. मुठाकाठचे, माझं ऐकाल तर हौसेला दोन पत्थरनाख लावा. बाकी जागेत पेअरऐवजी पेरू. सरदार घ्या. लखनौ ४९ म्हणतात तिला, पण निवड झाली १९२७ साली इथंच, आपल्या गणेशखिंडीत. तिसऱ्या वर्षापासून फळ, थंडीसाठी देव पाण्यात घालायला नकोत.

मुठाकाठचा: आभार. दोन पत्थरनाख, सहा सरदार असं ठरवलं. काल नर्सरीत जाऊन विचारलं, "ते १५० किलो कितव्या वर्षी?" तर तो म्हणाला, "साहेब, तुमचं वय किती?"

कुंडीवाली: मुरांब्याची कृती व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.