आपला गुन्हेगार दुसऱ्याच्या गळ्यात का?

शमीमा बेगमला ब्रिटनने परत घ्यावं का, यावर ‘स्वतःच्या पायाने गेली ना, मग राहू दे तिथेच’ असं म्हणतात, ते मत मला अजिबात पटत नाही. ती लंडनहून सीरियात ‘इसिस’ या दहशतवादी संघटनेकडे गेली तेव्हा पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी होती. २०१९मध्ये सीरियातच कुर्दांच्या ताब्यातल्या छावणीत सापडली, दिवस भरत आलेले. ब्रिटनने नागरिकत्व काढून घेतलं. आईवडील मूळचे बांगलादेशचे, म्हणून ती तिकडची म्हणे! बांगलादेशाने हात झटकले. बाळ तीन आठवड्यांचंही झालं नाही, न्यूमोनियाने गेलं. त्याचा काय गुन्हा होता?

तिने गुन्हा केला असेल तर आणा, कोर्टात उभं करा. २०१४मध्ये कल्याणहून ‘इसिस’कडे गेलेला तरुण परतला तेव्हा आपण तेच केलं: अटक आणि खटला. लंडनमध्ये जन्मलेली, तिथेच शिकलेली मुलगी कुर्दांनी का सांभाळायची?