चिडवणाऱ्या पोरापुढे पैलवान शांत राहिला, हे बरोबर झालं का?

गिरणाकाठ:
चाळीसगाव तालुक्यातल्या एका यात्रेत परवा कुस्त्यांची दंगल झाली. शेवटच्या जोडीला बाहेरून नावाजलेला पैलवान आणला होता, फडाफडांत खेळून पोट भरणारा. कुस्ती लांबत गेली, निकाल लागेना, शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली. फडाच्या कडेला तेरा-चौदा वर्षांचं एक पोरगं पहिल्यापासून कोकलत होतं, "ओ पैलवान, भरीत खाईसन उनात का? झोप येई राहिनी का?" म्हणजे भरीत खाऊन आलात का, झोप येतेय का. लोक खिदळत होते.

पैलवान बाहेर आला. गुडघ्याला पट्टी, पाठीला माती. थेट त्या पोरासमोर जाऊन उभा राहिला. आता कानाखाली बसते असंच सगळ्यांना वाटलं. त्याने विचारलं, "कोणत्या तालमीत जातो?" पोरगं म्हणे, कोणत्याच नाही. "मग माझं मनगट धर." पोराने दोन्ही हातांनी धरलं. पैलवानाने अंगठ्याच्या बाजूने हिसका देऊन सोडवलं. परत धरायला लावलं, अंगठा कसा आवळायचा ते दाखवलं आणि कपडे घालायला निघून गेला.

माझ्या मते यापेक्षा चांगलं उत्तर नाही. आमचा तालुका सायगाव बगळीच्या विजय चौधरींचा. २०१४, १५, १६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी. इथली पोरं कुस्तीवर बोलणारच.

पांझराकर:
असहमत. कुस्तीवर बोलणं वेगळं आणि दमलेल्या माणसाची टर उडवणं वेगळं. त्या पोराला शिक्षा सोडा, उलट फुकटात डाव शिकायला मिळाला! उद्या दहा पोरं ओरडतील. घरी आजोबांना असं बोललं असतं तर चाललं असतं का? आणि त्याचा बाप तिथेच मोबाईलवर शूटिंग करत असणार, पैज लावतो.

हलगीवाला:
भरिताला नावं ठेवायची नाहीत भो. बामणोदचं वांगं खाल्लं असतं तर कुस्ती निकाली झाली असती.

गिरणाकाठ:
पांझराकर, मग काय करायला हवं होतं? थोबाडीत द्यायची? २०२२ च्या एप्रिलमध्ये एव्हर्टनकडून हरल्यावर बाहेर पडताना रोनाल्डोने एका चौदा वर्षांच्या पोराच्या हातावर फटका मारून मोबाईल पाडला. पोलिसांची ताकीद, नंतर पन्नास हजार पौंड दंड आणि दोन सामन्यांची बंदी. पाकिस्तानचा क्रिकेटपटू इंझमाम १९९७ मध्ये टोरंटोत भोंग्यावरून 'आलू' ऐकून प्रेक्षकांत घुसला, त्यालाही बंदी. मैदानात काय झालं ते कोणाला आठवतं? आलू तेवढा आठवतो.

पांझराकर:
मारा असं मी कुठे म्हटलं? तोंडात शब्द घालू नका. शांत राहण्याची सगळी जबाबदारी खेळाडूवरच का, एवढाच माझा प्रश्न आहे. २०१९ च्या वर्ल्डकपमध्ये ओव्हलवर आपलेच लोक ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथला चिडवत होते. कोहलीने बॅट हातात असताना त्यांच्याकडे वळून टाळ्या वाजवा अशी खूण केली. स्मिथला काही करावं लागलं नाही. तुमच्या फडात पंच होते, कमिटी होती, माइकवाला होता. एकानेही पोराला गप्प केलं नाही?

सातपुडा पायथा:
मी नंदुरबारकडचा. इथली आदिवासी पोरं मॅरेथॉनला पळतात, बाहेरच्या गावी जातात, आणि तिथे 'झोप येते का' एवढ्यावर भागत नाही. रंगावरून, बोलीवरून ऐकून घ्यावं लागतं. अशा वेळी हसून सोडून दे हा सल्ला देणाऱ्याला सोपा असतो. २०२१ च्या जानेवारीत सिडनीत प्रेक्षकांतून शेरे आले तेव्हा आपला गोलंदाज सिराज हसला नाही. त्याने कर्णधाराला आणि पंचांना सांगितलं, खेळ थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर काढलं. तोही शांतच होता, पण गप्प नव्हता. दोन्हीला एकाच तागडीत तोलू नका.

गिरणाकाठ:
हे पटलं. जातीवरून, रंगावरून कोणी बोललं तर वयसुद्धा बघू नये. पण इथे पोरगं खेळावरच बोलत होतं, आणि कुस्ती खरंच सुस्त झाली, ते मीही सांगतो. जोडीतल्या दोघांनी एकमेकांना नुसतं रेटलं. लोकांनी वर्गणी दिलेली, उन्हात बसलेले. थोडं ऐकून घ्यावं लागतं.

पांझराकर:
आलात वर्गणीवर! गुडघ्याला पट्टी होती असं तुम्हीच लिहिलंय. बोलावलेला पैलवान दुखापत झाली म्हणून आला नाही तर त्याचे पैसे बुडतात, वर पुढच्या वर्षीचं आमंत्रण जातं. म्हणून तसाच उतरतो. जोरात खेळला आणि गुडघा गेला तर वर्गणीवाले औषधपाणी करणार का? आणि चिडला असता तर 'माज आला' म्हणून गावभर झालं असतं. त्याला दुसरा मार्गच कुठे होता? तुम्ही ज्याला मोठेपणा म्हणताय तो मला निम्मा तरी नाइलाज दिसतो.

सातपुडा पायथा:
निम्मा नाइलाज धरला तरी मनगट धरायला लावणं नाइलाजाने होत नाही. नुसतं हसून निघून जाता आलं असतं.

पांझराकर:
बरं, तेवढं मान्य. पण माइकवाल्याबद्दल गिरणाकाठ अजून काही बोलले नाहीत.

गिरणाकाठ:
माइकवाल्याचं विचारू नका. पोराचं वाक्य त्यानेच लाउडस्पीकरवरून परत म्हटलं, म्हणून तर सगळा फड हसला.

पांझराकर:
मग पोरावर कशाला चर्चा करतोय आपण? पुढच्या वर्षी आधी माइकवाला बदला.

गिरणाकाठ:
तो सरपंचांचा साला आहे. कमिटीच्या बैठकीला तुम्हीच या, मी चहा पाजतो.