शेवाळ हटत नाही आणि अँथियास वाळत चाललेत: खाणं नेमकं किती द्यायचं?

खारंपाणी

खाऱ्या पाण्याचा, मासे आणि प्रवाळांचा चार फुटी टँक (१२० × ४५ × ५० सेंमी), खाली संप (पाणी गाळण्याची दुसरी टाकी). खडक-वाळू वजा जाता प्रत्यक्ष पाणी २५० लिटरच्या आसपास. चालू होऊन १४ महिने झाले. मासे: ऑसेलॅरिस क्लाउनची जोडी, लायरटेल अँथियास ५, रॉयल ग्रामा १, वॉचमन गोबी १. प्रवाळ फक्त मऊ: झोअँथिड, मश्रूम, एक टोडस्टूल लेदर.

दोन महिन्यांपासून खडकांवर आणि ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी संपमध्ये उतरतं त्या कप्प्याच्या) दात्यांवर हिरवं केसाळ शेवाळ आहे. तापमान २६, ग्रॅव्हिटी १.०२५, नायट्रेट ५ पीपीएम, फॉस्फेट ०.०४८ पीपीएम (हॅना चेकर या छोट्या मीटरवर). लाइट १० तास. दर रविवारी २५ लिटर पाणी बदलतो.

आधी रोज मायसिसचे (कोळंबीसारख्या बारीक जीवांचे, गोठवलेले) २ क्यूब आणि दोन चिमटी पेलेट (वजन केलं तर १ ग्रॅम) देत होतो. शेवाळ वाढलं म्हणून गेले तीन आठवडे दिवसाआड १ क्यूब, पेलेट बंद. शेवाळ जिथल्या तिथे. अँथियासची पोटं मात्र आत गेलीत आणि डोक्यामागचा भाग खचल्यासारखा दिसतो.

खाणं अजून कमी करू का? की यलो टँग मासा आणून शेवाळ त्याच्यावर सोपवू?

निळाई

खाणं अजिबात कमी करू नका. अँथियास मूळचे दिवसभर प्रवाहातलं प्लवक टिपत राहणारे मासे. त्यांना दिवसाआड एकदा खाऊ घालणं म्हणजे उपासमारच. डोक्यामागचा भाग खचला याचा अर्थ चरबी संपून आता अंगावरचं मांस झिजतंय.

आधी तीन गोष्टी सांगा:
१. शेवाळाची काडी चिमट्याने उपटून पांढऱ्या वाटीत पाण्यात धरा. साधा धागा दिसतो की पिसासारख्या दोन्ही बाजूंनी फांद्या?
२. हॅनाचं मॉडेल कोणतं? स्क्रीनवर आकडा नेमका कसा आला?
३. टॉप-अपचं (आटलेल्याच्या जागी घालायचं) पाणी कुठलं, त्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) किती?

संपवाला

उत्तरं येईपर्यंत थोडा हिशोब. ढोबळ आहे, पण डोळे उघडायला पुरेसा.

मायसिसच्या एका क्यूबचं वजन साधारण साडेतीन ग्रॅम, त्यात ८०–८५ टक्के पाणीच. म्हणजे कोरडा ऐवज अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. तुमचे २ क्यूब + १ ग्रॅम पेलेट म्हणजे रोज सुमारे २ ग्रॅम कोरडं खाणं. ("फ्रोझनने टँक घाण होतो, पेलेट स्वच्छ" असं सर्रास ऐकू येतं. वजनाला वजन लावलं तर १ ग्रॅम पेलेट हे दोन क्यूबच्या बरोबरीचं असतं.)

प्रथिनं ४५ टक्के धरू: ०.९ ग्रॅम. प्रथिनात नायट्रोजन १६ टक्के: ०.१४४ ग्रॅम. त्याचं नायट्रेट करायला ४.४ ने गुणा: सुमारे ६३५ मिलिग्रॅम. २५० लिटरमध्ये रोज २.५ पीपीएम. फॉस्फरस कोरड्या वजनाच्या १ टक्का धरला तर २० मिलिग्रॅम, फॉस्फेट करायला ३.०७ ने गुणा: ६१ मिलिग्रॅम, म्हणजे रोज ०.२४ पीपीएम. ही वरची मर्यादा आहे. काही भाग माशांच्या अंगाला लागतो, काही स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) उचलतो, काही नायट्रोजन खडकातले बॅक्टेरिया वायू करून सोडतात.

आता बाहेर काय जातं ते बघा. २५० पैकी २५ लिटर बदललं की पाण्यात असेल त्याच्या फक्त १० टक्के जातं. फॉस्फेट ०.१५ असलं तरी आठवड्याला ०.०१५ पीपीएम. आत येतं रोज ०.२ च्या घरात आणि बाहेर जातं आठवड्याला ०.०१५. खाणं निम्मं केलं तरी या दोन आकड्यांचा मेळ बसत नाही. वॉटर चेंज करा, पण इतर कारणांसाठी. फॉस्फेटवर तो उपाय नाही.

शिवाय पाण्यातलं रीडिंग म्हणजे शेवाळ जेवून उठल्यावर ताटात उरलेलं. शेवाळ दाट असताना कमी रीडिंग आलं म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

तिसरीलाट

क्यूब धुता का? बारीक जाळीत ठेवून आरओच्या पाण्याखाली धरायचा, तो लालसर रस टँकमध्ये जाता कामा नये. रिअ‍ॅक्टरमध्ये पूर्ण मात्रेत जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त दाणे) भरा आणि तीन दिवस टँक झाकून पूर्ण अंधार करा. शेवाळ झोपतं.

खारंपाणी

धागा साधा आहे, फांद्या नाहीत, ओढला की तुटून हातात येतो. हॅना एचआय ७३६. स्क्रीनवर ४८ आलं, ते मी ०.०४८ धरलं. टॉप-अपला स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी, टीडीएस ४२. पंखा चालू असतो, रोज ४ लिटर लागतं.

निळाई

साधा धागा म्हणजे हेअर अल्गी. पिसासारखं निघालं असतं तर ब्रायॉप्सिस, त्याचा मार्ग वेगळा.

हॅनाचं ७३६ मॉडेल फॉस्फेट दाखवत नाही, फॉस्फरस दाखवतं आणि तेही पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग). ४८ × ३.०६६ = १४७ पीपीबी, म्हणजे तुमचं फॉस्फेट ०.१४७ पीपीएम. तुम्ही समजत होता त्याच्या तिप्पट. पुढच्या वेळी कुपी बाहेरून कोरड्या मऊ कापडाने पुसा, बोटांचे ठसे राहिले तरी आकडा हलतो. पावडर पाकिटातून पूर्ण झटका आणि बुडबुडे जाऊ द्या.

आता पाणी. घरच्या बऱ्याच आरओत टीडीएस कंट्रोलर असतो. चव यावी म्हणून तो न गाळलेलं थोडं पाणी परत मिसळतो, काहींत मिनरल कार्ट्रिजही असते. पिण्यासाठी ठीक, टँकसाठी नाही. वाफ होऊन जातं ते शुद्ध पाणी, मागे राहतं ते सगळं टँकमध्ये साठतं. ४ लिटरच्या हिशोबाने आठवड्याला २८ लिटर पाण्यातला ऐवज आत राहतोय. त्यात फॉस्फेट-सिलिकेट किती हे टीडीएस मीटर सांगत नाही, तो फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो.

मेंब्रेनमधून निघणारी नळी कंट्रोलरच्या आधी तोडून टी बसवा, तिथून १० इंची हाउसिंगमध्ये मिक्स्ड-बेड डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे). बाहेर टीडीएस ० पाहिजे. १–२ दिसायला लागलं की रेझिन बदला. "अजून चालेल" म्हणू नका, कारण रेझिन थकलं की आधी धरलेलं सिलिकेटच पहिल्यांदा सोडतं. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर रेझिन लवकर संपेल. सॉल्ट मिक्सही याच पाण्यात.

संपवाला

@तिसरीलाट, रस धुवायला हरकत नाही, पण फॉस्फेटचा मोठा वाटा मायसिसच्या मांसात असतो, रसात थोडाच. धुण्यावर भिस्त ठेवणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. बाजारातली सोललेली गोठवलेली कोळंबी वापरत असाल तर तिकडे बघा. वजन टिकावं म्हणून तिला बऱ्याचदा फॉस्फेटचे क्षार लावलेले असतात. पाकिटावर ई ४५१ किंवा ट्रायफॉस्फेट लिहिलेलं असेल तर टँकसाठी घेऊ नका. कोळणीकडची ताजी, न सोललेली चालेल.

पूर्ण मात्रेत जीएफओला माझा ठाम विरोध. फॉस्फेट एकदम खाली गेलं की प्रवाळ आक्रसतात. ते शून्याला टेकलं तर हेअर अल्गीच्या जागी डायनो येतात: तपकिरी, शेंबडासारखे धागे, टोकाला बुडबुडे, रात्री विरळ आणि दुपारपर्यंत परत दाट. काही जाती विषारी असतात, खाणाऱ्या गोगलगायी मरतात. त्यापेक्षा हेअर अल्गी शंभर पटींनी बरी. अंधाराचा उपाय सायनोला (सायनोबॅक्टेरियाच्या थराला) थोडाफार चालतो. हेअर अल्गीची मुळं खडकात तशीच राहतात आणि लाइट लागला की पुन्हा उगवतं.

जीएफओ पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भागाने सुरू करा. आरओच्या पाण्यात निवळ पाणी येईपर्यंत धुवा, रिअ‍ॅक्टरमध्ये दाणे जेमतेम हलतील एवढाच प्रवाह ठेवा. जोरात घुसळलं की दाण्यांची लाल भुकटी होते. दर दोन दिवसांनी रीडिंग. ०.१४७ वरून ०.०५–०.०८ पर्यंत यायला महिना लागला तरी चालेल. मधेच आकडा उतरून पुन्हा चढला तर दचकू नका. कॅल्शियम कार्बोनेटचा खडक महिनोन् महिने फॉस्फेट धरून ठेवतो आणि पाण्यातलं कमी झालं की सोडायला लागतो. नायट्रेट ५ आहे तिथेच राहू द्या.

यलो टँग नको. चार फूट लांबी त्याला अपुरी, आणि मूळ मुद्दा वेगळाच आहे: मासा असो की गोगलगाय, शेवाळ खाल्लं की विष्ठा त्याच टँकमध्ये. ऐवज बाहेर जातच नाही. बाहेर नेतो तो तुमचा हात. म्हणून हे करा:

८–१० मिमीच्या सिलिकॉन नळीच्या तोंडाला टूथब्रश रबर बँडने बांधा, ब्रिसल नळीच्या तोंडापुढे सेंटीमीटरभर. सायफन चालू करून खडक घासा, सुटलेले धागे लगेच नळीत जातात. नुसतं घासलं तर तुटलेला प्रत्येक तुकडा दुसऱ्या खडकावर रुजायला मोकळा. नळीचं दुसरं टोक संपमधल्या फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत) सोडा, मग पाणी वाया जात नाही आणि तासभर घासता येतं. काम संपताच सॉक काढून धुवा. एरवीही सॉक दोन-तीन दिवसांच्या वर ठेवू नका, त्यात अडकलेलं खाणं तिथेच कुजतं. स्किमरच्या मानेतला चिकट थर त्याच दिवशी पुसा, तो असला की फेस वर चढत नाही.

शेवाळ एकदा आखूड झालं की टर्बो किंवा ट्रोकस गोगलगायी ८–१० पुरेत. दोन-तीन सेंटीमीटर लांब केसांना त्या तोंड लावत नाहीत. नॅसेरियस गोगलगायी ४–५ वाळूतलं उरलेलं खाणं उचलतात, शेवाळ नाही. दुकानदाराला पाण्यात तांबं आहे का ते विचारा, आणि थेंब-थेंब पद्धतीने तासभर तरी सवय करा. समुद्रावरून खडक किंवा प्रवाळ उचलून आणायचा मोह नको. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

संपमध्ये जागा असेल तर कीटोमॉर्फाचा (पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट शोषणाऱ्या शेवाळाचा) मूठभर गोळा, वर ६५०० केल्विनचा एलईडी, रात्री ८ ते सकाळी ८. मुख्य लाइट बंद असताना हा चालू राहिला की रात्री पीएच फार उतरत नाही. गोळा दाट झाला की अर्धा काढून फेका. मुख्य लाइट १० वरून ८ तासांवर आणा.

खारंपाणी

रेझिनचं हाउसिंग आजच मागवतो. मग अँथियासना किती देऊ?

निळाई

रोज दीड क्यूब आणि ०.३ ग्रॅम पेलेट, सगळं मिळून चार वेळांत. चिमटीचा भरवसा नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा घ्या. क्यूब सकाळी टँकच्याच पाण्यात वितळवून कप फ्रीजमध्ये ठेवा, त्याच दिवशी संपवा. घालताना रिटर्न पंप (संपमधून पाणी वर आणणारा) १० मिनिटं बंद, वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) मंद. लांब पिपेटने प्रवाहात थोडं-थोडं सोडा, मिनिटाभरात फस्त व्हायला हवं. तळाशी पडतंय म्हणजे वेग जास्त. दोन आठवड्यांत पोटं भरली नाहीत तर पाव क्यूब वाढवा. वीज गेली असेल तर येईपर्यंत काही घालू नका, ऑक्सिजन आधीच कमी असतो.

खारंपाणी

दुपारी घरी कुणी नसतं. ऑटोफीडर लावला तर?

निळाई

लावा, पण फक्त पेलेटसाठी, आणि टँकच्या थेट वर नको. पावसाळ्यात वाफेने डबीतले पेलेट गोळा होतात, मग दोन दिवस काहीच पडत नाही आणि तिसऱ्या दिवशी सगळा लगदा एकदम. डबी बाजूला, उताराच्या नळीतून खाणं खाली. डबीत तीन दिवसांपुरतंच भरा.