खजिनदारांचा राजीनामा आणि चिल्टर्न हंड्रेड्स

सोनल (ए-३०४): खजिनदारपद सोडतेय. ऑडिट झालंय, चेकबुक सेक्रेटरींकडे दिलंय.

कुलकर्णी काका (बी-१०१): सोनल, ब्रिटनची खासदार असतीस तर सुटका नव्हती! १६२४ च्या ठरावामुळे तिथे खासदाराला राजीनामा देता येत नाही. अर्थमंत्र्याकडे अर्ज करून ‘चिल्टर्न हंड्रेड्सचा कारभारी’ व्हावं लागतं.

मंदार (सी-५०२): बोरिस जॉन्सन २०२३ ला झाला तेच का?

कुलकर्णी काका: तेच. सरकारी लाभाचं पद घेतलं की खासदारकी जाते. पगार नाही, काम नाही. पण हे हंड्रेड एके काळी खरंच कामाचे होते हो. इंग्लंडमधल्या काउंटीचा पोटविभाग, साधारण आपल्या तालुक्यासारखा. दहाव्या शतकात दर चार आठवड्यांनी सभा भरायची, तीही उघड्यावर. तंटे, चोऱ्या सगळं तिथेच. चिल्टर्नचे तीन: स्टोक, बर्नहॅम, डेझबरो. बकिंगहॅमशरचा दक्षिण भाग. टेकड्यांवर दाट रान, त्यात लुटारू. त्यांच्या बंदोबस्ताला राजाचा कारभारी, असं सांगतात.

वैशाली (ए-२०१): आणि चोर सापडलाच नाही तर?

कुलकर्णी काका: १२८५ चा विंचेस्टरचा कायदा बघा. मुदतीत चोर हजर केला नाही, तर भरपाई अख्ख्या हंड्रेडने द्यायची. दंगलीतल्या नुकसानीचा भुर्दंड तर १८८६ पर्यंत त्यांच्याच माथी होता.

मंदार: म्हणजे पार्किंगमधून सायकल गेली की पूर्ण विंगने वर्गणी काढायची 😄

वैशाली: कल्पना देऊ नकोस कुणाला.

नीता काकू (बी-४०३): आमचा निखिल स्लाउला आहे. जवळच का हे?

कुलकर्णी काका: जवळ कसलं, तिथेच! स्लाउ १९७४ ला बर्कशरमध्ये गेलं. त्याआधी बकिंगहॅमशर, आणि जुन्या हिशेबाने स्टोक हंड्रेड.

नीता काकू: अगं बाई! सांगते त्याला.

मंदार: आता तिथे काही ऑफिस वगैरे?

कुलकर्णी काका: छे. कामं एकेक करून न्यायालयं, पोलीस, नवे जिल्हे यांच्याकडे गेली. हंड्रेड रद्द मात्र कुणी केलेच नाहीत. १७५१ मध्ये जॉन पिटला वेअरहॅमची जागा सोडून डॉर्चेस्टरला उभं राहायचं होतं, त्याने ही पळवाट वापरली. तेव्हापासून रुळली. जोडीला यॉर्कशरमधल्या नॉर्थस्टेडचं असंच नावापुरतं पद आहे, आलटून पालटून नेमतात.

सोनल: आणि कुणी हे पद घ्यायलाच नकार दिला तर?

कुलकर्णी काका: २०११ ला झालं ना! आयर्लंडमधल्या शिन फेन पक्षाचे जेरी ॲडम्स. राजसत्ता मानत नाहीत, पद कशाला मागतील? नुसतं राजीनाम्याचं पत्र पाठवलं. सरकारने तोच अर्ज समजून त्यांना नॉर्थस्टेडवर नेमून टाकलं. ते म्हणत राहिले, मी असलं काही स्वीकारलेलं नाही. पण जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणूकही लागली.

मंदार: अर्ज न करता पोस्टिंग 🙏