काळ्या गाडीवरचे बोअरच्या पाण्याचे डाग – मदत हवी आहे

मुक्काम रत्नागिरीजवळ, अगदी समुद्राला लागून. गाडी काळी, रंग कंपनीचाच, कुठेही पुन्हा मारलेला नाही. बॉनेट आणि टपावर बोअरच्या पाण्याचे पांढरे गोल डाग बसलेत. शाम्पूने धुतली, क्ले बार (पत्र्याला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवला. हाताला पत्रा गुळगुळीत लागतो, पण डाग जागच्या जागी. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून लावलं तेव्हा वरचा क्षार गेला. आता उन्हात तिरकं बघितलं की डागाच्या जागी बारीक कडा दिसते, म्हणजे क्लिअर कोटच (रंगावरचा पारदर्शक थर) खाल्ला गेलाय. नखाला मात्र काही अडकत नाही.

मित्राकडून ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर (पॅड गोल फिरता फिरता डोलतं तो) मिळतोय. रोटरी (पॅड नुसतं गोल फिरतं तो) सुचवू नका, हात बसलेला नाही. रंगाची जाडी मोजायचं यंत्र नाही आणि क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणून जास्त घासला जाईल ही धास्ती. शेड नाही, गाडी आंब्याखाली. वारा सुटला की जांभ्याची लाल धूळ येऊन बसते, आणि पॅडखाली ती म्हणजे पॉलिश पेपरच. त्यामुळे काम पहाटेच उरकणार.

सुरुवात मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने करू की थेट कटिंग कंपाउंड (जास्त घासणारी पेस्ट)? आणि कोकणातल्या पावसाआधी वरून वॅक्स पुरेल की सीलंटच (कृत्रिम संरक्षक थर) लावावं?