मदत हवी: कॅलरेटिक्युलिनचा (पेशीतलं कॅल्शियम बांधणारं प्रथिन) बँड ४७ किलोडाल्टनला हवा, येतोय ५७ ला. अँटिबॉडी खराब आहे का?

सोयारोप (परभणी)
सोयाबीनच्या रोपांच्या मुळ्यांमधून मायक्रोसोम (पेशीतल्या पडद्यांचे तुकडे) काढून वेस्टर्न (जेलवर प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीनं ओळखणं) केलं. सिक्वेन्सवरून वजन साधारण ४७ किलोडाल्टन निघतं, बँड ५७ च्या आसपास दिसतोय. सहा तास ट्युनिकामायसिन (प्रथिनाला साखरेची साखळी लागू न देणारं औषध) दिलेल्या रोपांतही तिथंच. त्यात पेलेटमधला (फिरवल्यावर तळाशी बसलेला गाळ) बँड अगदी पुसट. अँटिबॉडी फेकून देऊ का? गुरुवारी गाईडला दाखवायचंय, लवकर सांगा.

गोदाकाठ (नांदेड)
कुठली अँटिबॉडी, जेल किती टक्के, मुळ्या कशात कुटल्या, सुपरनेटंट (गाळावरचं द्रव) चालवलं का? यातलं काहीच लिहिलं नाही, आणि घाई मात्र गुरुवारची! अँटिबॉडी एचडीईएल शेपटीवर (ईआर, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या जाळ्यात राहणाऱ्या प्रथिनांच्या टोकाची चार अमिनो आम्लं) केलेली असेल तर बीआयपी हे ईआरमधलं दुसरं प्रथिनही पकडेल, तो ७८ च्या आसपास येतो.

सोयारोप
मक्याच्या कॅलरेटिक्युलिनवर सशात केलेली पॉलीक्लोनल. जेल १० टक्के. सुपरनेटंट फेकलं.

बीजगुण (लातूर)
सरळ आहे, साखर चिकटलीय. पीएनजीएज एफ (साखळी कापणारं एन्झाइम) लावा, बँड खाली येईल.

गोदाकाठ
१० किलोडाल्टनचा फरक साखरेनं पडायला चार-पाच तरी साखळ्या लागतील. कॅलरेटिक्युलिन दुसऱ्या प्रथिनांवरची एक ग्लुकोज उरलेली साखळी ओळखून त्यांना घडी पडेपर्यंत धरून ठेवतं. स्वतःवर एखादी साखळी असली तरी एवढी उडी त्यानं पडत नाही. त्याच्या सी (शेवटच्या) टोकाला ॲस्पार्टेट आणि ग्लुटामेट या ऋणभाराच्या अमिनो आम्लांची रांगच आहे. कॅल्शियम तिथंच भरपूर पण सैल बसतं, आणि एवढ्या ऋणभाराच्या प्रथिनाला एसडीएस (प्रथिनं जेलमधून ओढली जावीत म्हणून लावतात तो साबण) कमी चिकटतो. म्हणून ते जेलमध्ये मागे राहतं आणि असतं त्यापेक्षा जड भासतं. ५५ ते ६० मधला बँड हीच त्याची नेहमीची जागा. अँटिबॉडी फेकू नका.

बीजगुण
पण ट्युनिकामायसिननं बँड हलला नाही म्हणून साखर नाही, असं म्हणता येत नाही. औषध नवीन साखळी लागू देत नाही. आधी तयार झालेलं प्रथिन तसंच राहतं. सहा तासांच्या उपचारानं काय दिसणार?

गोदाकाठ
हे बरोबर. पण मग एन्डो एच हे साखळी कापणारं दुसरं एन्झाइम लावा. पीएनजीएज एफ वनस्पतीत चालत नाही.

बीजगुण
ती अडचण आल्फा-१,३ फ्युकोज लागलेल्या साखळ्यांची. तो फ्युकोज (एक साखर) गॉल्जीत, म्हणजे ईआरच्या पुढच्या टप्प्यात लागतो. एचडीईएल शेपटीमुळं हे प्रथिन ईआरमध्येच राहतं किंवा तिथंच परत येतं, म्हणून दोन्ही चालतात. पाठ करून नियम सांगू नका भाऊ.

पिंपळगावचा शेतकरी (बीड)
इथं कॅल्शियमचं चाललंय म्हणून विचारतो. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतंय. काय मारावं?

माती-पाणी
कॅल्शियम नायट्रेट लिटरला ५ ग्रॅम, कोवळ्या फळांवर. पण आधी पाण्याच्या पाळ्या सारख्या करा. कॅल्शियम पाण्याच्या ओढीनं चढतं, पानातून फळाकडं जवळपास वळत नाही. त्याच टाकीत फॉस्फेट किंवा सल्फेटचं खत मिसळू नका, द्रावण फाटतं.

सोयारोप
थांबा. माझ्या कुटायच्या बफरमध्ये फॉस्फेट आहे आणि ५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडपण. कॅल्शियम बांधणारं प्रथिन म्हणून मुद्दाम टाकलं. पेलेट पांढरं दिसत होतं.

गोदाकाठ
हे पहिल्याच पोस्टमध्ये का नाही लिहिलं? कॅल्शियम फॉस्फेटचा साका तर आहेच, शिवाय एवढ्या कॅल्शियमनं पडद्यांचे तुकडे एकमेकांना चिकटतात आणि १०,००० जीच्या (गुरुत्वाच्या दहा हजार पट) फेरीतच खाली बसतात. तेच तुम्ही फेकताय. आणि मुळ्या द्रव नायट्रोजनमध्ये कुटल्या का?

सोयारोप
हो.

गोदाकाठ
मग अर्धं उत्तर तिथंच आहे. कॅलरेटिक्युलिन ईआरच्या पोकळीत मोकळं असतं. गोठवून कुटलं की ईआर फुटतो आणि ते सुपरनेटंटमध्ये जातं. कॅल्नेक्सिन हे त्याच्याच जातीचं प्रथिन पडद्यात रोवलेलं असल्यामुळं पेलेटमध्येच राहतं. त्याची अँटिबॉडीही सोबत लावून बघा, फरक लगेच कळेल.

ताज्या मुळ्या बर्फावर खलबत्त्यात हलक्या हातानं कुटा. बफर: हेपीस ५० मिलिमोलर, पीएच ७.५, सुक्रोज ०.३ मोलर, डीटीटी १ मिलिमोलर, पीव्हीपीपी १ टक्का. फॉस्फेट नको, कॅल्शियमही नको. पीएमएसएफ (प्रथिनं कापणारी एन्झाइमं थांबवणारं रसायन) आयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवून कुटायच्या क्षणीच टाका, पीएच ७.५ ला साध्या तापमानात तासाभरात निम्मा संपतो. १०,००० जी २० मिनिटं, मग वरचं द्रव एक लाख जीला एक तास. आरपीएम नाही, जी. प्रत्येक टप्प्याचा थोडा भाग राखून ठेवा, सुपरनेटंटसकट.

बीजगुण
खात्रीच हवी तर अजून एक जेल स्टेन्स-ऑलनं रंगवा. कॅलरेटिक्युलिन निळं उठतं, बाकीची बहुतेक लालसर-गुलाबी. आधी २५ टक्के आयसोप्रोपॅनॉलनं एसडीएस नीट धुवून काढा, आणि डबा अंधारात ठेवा. उजेडात रंग उडतो. आणि एन्डो एच लावून बघाच, तुमचं काय जातं.

सोयारोप
कॅल्नेक्सिनची अँटिबॉडी गुरुवारपर्यंत मिळणार नाही. राखून ठेवलेले भाग आणि स्टेन्स-ऑल दाखवतो.

पिंपळगावचा शेतकरी
पोटॅश त्या टाकीत चालतं का मग?

माती-पाणी
पोटॅशियम नायट्रेट चालतं. सल्फेटचं नको, जिप्सम बसेल नोझलमध्ये.